बाबा उशिरा येतात, म्हणून घर उशिरा झोपतं

ताई, नमस्कार.

वडगाव बुद्रुकला राहतो, नोकरी हिंजवडीत. तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून काम. ऑफिसच्या दिवशी साडेनऊला कंपनीची बस पकडतो, परत यायला साडेआठ होतात, नवले पुलाला अडकलो तर नऊ. बायको बँकेत आहे, ती पावणेसातला घरी येते. मुलगी पाच वर्षांची, सीनियर केजीत. मुलगा दोन वर्षांचा. माझी आई कराडहून आमच्याकडे राहायला आली आहे, दिवसभर मुलाला तीच बघते.

दोन्ही मुलं रात्री सव्वाअकराच्या आत झोपत नाहीत. मी घरात शिरलो की त्यांचा दिवस सुरू होतो. घोडा-घोडा, लपाछपी, गादीवर उड्या. मलाही तेवढाच वेळ मिळतो. साडेनऊला आम्ही सगळे एकत्र जेवतो. मुलीची व्हॅन सकाळी आठ दहाला येते. तिला सव्वासातला उठवताना रोज रडारड होते आणि ती सगळी बायकोच्या वाट्याला येते, कारण मी उरलेलं काम संपवून रात्री एकला झोपतो आणि सव्वाआठला उठतो. मुलगा साडेआठला उठतो आणि दुपारी चार ते सहा झोपतो. बायको म्हणते, ‘मजा तुझी आणि पोलीसगिरी माझी.’ मध्यंतरी एकदा तिनं नऊला दिवे बंद केले. मुलं अकरापर्यंत रडली, आई नाराज झाली, तो विषय तिथंच संपला. आईचं म्हणणं, पोरं बापाची वाट बघतात, त्यांना झोपवायचं कसं? आमच्या वेळी असली टाइमटेबलं नव्हती. ती अधूनमधून मुलाला रात्री जायफळ उगाळून देते.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. मुक्कामाच्या गाड्या असायच्या. मी झोपल्यावर यायचे, उठायच्या आत जायचे. माझ्या मुलांना असा बाप मिळू नये, एवढंच वाटतं. मुलांना नऊला झोपवलं, तर मला ती भेटणार कधी?

– उशिरा येणारा बाबा

—

नमस्कार बाबा,

तुमच्या पत्रातल्या दोन वेळा शेजारी शेजारी ठेवून बघा. मुलीची व्हॅन येते आठ दहाला. तुम्ही उठता सव्वाआठला. रोज पाच मिनिटांनी चुकामूक. ती सव्वासातपासून पाऊण-एक तास घरात जागी असते, तुम्हीही घरातच असता, फक्त बेडरूमच्या बंद दाराआड. ‘भेटणार कधी’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या तासात आहे.

वडिलांबद्दल लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं. पण मुक्कामाची गाडी कुणाला लावायची हे डेपोत ठरायचं, त्यात तुमच्या वडिलांचं काही चालत नव्हतं. तुमचं सकाळच्या बाबतीत चालतं. संध्याकाळी हिंजवडीतून लवकर सुटणं अवघड आहे, हे मला मान्य. वाकड, बालेवाडी, चांदणी चौक, वारजे करत वडगावला पोचणं म्हणजे काय ते त्या रस्त्यानं रोज जाणाऱ्याला विचारावं. २०२३ मध्ये चांदणी चौकातले नवे पूल सुरू झाले तरी बायपासवरची संध्याकाळ संध्याकाळच राहिली. म्हणून संध्याकाळ ताणून मुलांना रात्रीत ओढण्यापेक्षा तुम्ही सकाळी या. तिथे ट्रॅफिक नाही.

आता झोपेचा हिशोब. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात एक-दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप सांगितली आहे. अमेरिकेतल्या निद्राविकार तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये तीन ते पाच वर्षांसाठी हेच १० ते १३ तास सांगितले. तुमच्या मुलीला मिळतात आठ. शाळेच्या पाच दिवसांत दहा तासांची तूट, म्हणजे आठवड्यातून एक आख्खी रात्र तिला मिळतच नाही. सकाळची रडारड हा तिचा हट्टी स्वभाव नाही, ती अर्ध्या झोपेतून उठवली जाते म्हणून रडते. गंमत म्हणजे धाकट्याचं बरं चाललंय. तो साडेआठपर्यंत झोपतो, वर दुपारी दोन तास, म्हणजे सव्वाअकरा तास झाले. त्याची आजी त्याला भरपाई करून देते. मुलीला ती सोय नाही. तिची व्हॅन थांबत नाही. घरात दोन्ही मुलं एकाच वेळी झोपतात म्हणून दोघांचं सारखंच चाललंय असं तुम्हाला वाटत असावं, तसं नाहीये.

एक गोष्ट आठवण करून देते. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विषय काढला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं निर्णय काढला की पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. हेतू चांगला होता. दोन पाळ्यांच्या शाळांनी आणि बसवाल्यांनी त्यावर बरीच कुरकुर केली, ते वेगळं. पण पुण्यातल्या अनेक घरांत त्या निर्णयाचं काय झालं? शाळा पुढे गेली, मग जेवण पुढे गेलं, मग झोपही पुढे गेली. सकाळी मिळालेला अर्धा-पाऊण तास रात्री खर्च झाला. तुमच्या घरातही असंच काहीसं झालेलं असणार, कारण आठ दहाची व्हॅन ही पुण्याच्या मानानं दयाळू व्हॅन आहे.

‘रात्री साडेदहाला मुलं अगदी फ्रेश असतात, झोपेचं नावच नाही,’ असं सांगणारे आईबाप मला नेहमी भेटतात. तुम्ही ते शब्द लिहिले नाहीत, पण गादीवरच्या उड्यांवरून कळतं. मोठं माणूस दमलं की जांभया देतं, सोफ्यावर कलंडतं. लहान मूल फार दमलं की उलट पळायला लागतं, किंचाळून हसतं, आणि वरणात भात आधी घातला की नंतर, यावरून भोकाड पसरतं. त्याला आपण मस्ती म्हणतो. त्यात हॉलमधले पांढरे एलईडी दिवे. लहान मुलांची बाहुली मोठी असते, डोळ्यातलं भिंग स्वच्छ असतं, त्यामुळे आपल्यापेक्षा जास्त प्रकाश आत जातो. अंधार पडल्यावर शरीरात मेलाटोनिन नावाचं जे संप्रेरक तयार व्हायला लागतं, ते भगभगीत उजेडात दबतं. आणि नेमक्या त्याच वेळी दार उघडून बाबा येतात, खांद्यावर घेऊन गोल फिरवतात. कुणाला झोप येईल?

तुमच्या बायकोचा प्रयत्न फसला त्याचंही कारण ऐका, म्हणजे पुन्हा तिला कुणी ‘बघ, मी सांगत होतो’ म्हणणार नाही. शरीराच्या घड्याळाची एक खोड आहे. रोजच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास माणूस सगळ्यात जास्त टक्क जागा असतो. ज्या मुलांचं घड्याळ सव्वाअकराला लावलेलं आहे, त्यांना नऊला अंधारात झोपवणं म्हणजे बरोबर त्या टक्क जागेपणात कोंडणं. ती दोन तास रडणारच. तिनं निवडलेली वेळ योग्य होती. फक्त एका उडीत तिथे पोचता येत नाही.

मग पोचायचं कसं? सुरुवात रात्री करू नका, सकाळी करा. झोप यावी म्हणून कुणावर जबरदस्ती करता येत नाही, पण उठवता येतं. मुलगी सातला, रोज. मुलाला आत्ता साडेआठपर्यंत झोपू देता, ते दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणत सव्वासातपर्यंत आणा. उठवल्यावर पहिलं काम, पडदे उघडा आणि मुलांना गॅलरीत न्या. दूध तिथेच पिऊ दे, कबुतरं मोजू दे. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की घड्याळ अलीकडे सरकतं. ट्यूबलाइटमध्ये तेवढा जोर नाही. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा व्हॅनच्या आधी दहा मिनिटं खाली सोसायटीच्या आवारात चालवत नेलंत तरी चालेल. आणि रात्रीची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी मागे: तीन दिवस अकरा, मग तीन दिवस पावणेअकरा, असं करत नऊला या. नऊ पायऱ्या आहेत, साधारण चार आठवडे लागतील. मध्ये एखादी पायरी अडली तर तिथेच आणखी दोन दिवस थांबा, मागे जाऊ नका.

शनिवार-रविवारीही उठण्याची वेळ अर्ध्या तासापेक्षा जास्त सरकवायची नाही. हे जिवावर येणार, मला माहीत आहे. तुमच्यासाठी एक लालूच सांगते: रविवारी सकाळी दोघांना घेऊन एकटे बाहेर पडा आणि बायकोला झोपू द्या. सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान तुम्हाला जवळ आहे. मुलगी चालती असेल तर तळजाईची टेकडी. दुपारच्या उन्हात मॉलमध्ये मुलं फिरवणाऱ्या बापांपेक्षा सकाळी टेकडीवर भेटणारे बाप मला जास्त आनंदी दिसतात. हे अर्थात माझं मत.

मुलाच्या दुपारच्या झोपेकडे वेगळं बघावं लागेल. सहाला उठलेलं दोन वर्षांचं मूल नऊला झोपत नाही, कुणीही कितीही अंगाई म्हटली तरी. पण चारची झोप काढून टाका असं आईंना सांगायला जाऊ नका. तो साडेआठला उठतो म्हणून दोनला जेवतो, दोनला जेवतो म्हणून चारला पेंगतो. सकाळ अलीकडे आली की जेवण साडेबारावर येईल आणि झोप आपोआप एकच्या सुमारास. तीनला उठवा, फार तर साडेतीनला. एक ते चार या वेळेवरून पुणेकरांची हवी तेवढी टिंगल होवो, दोन वर्षांच्या मुलासाठी ती वेळ अगदी चोख आहे. आईंनाही त्याच वेळी पाठ टेकता येईल, हा फायदा त्यांना आवर्जून सांगा.

आता आईंचं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण संध्याकाळी सात ते साडेनऊ हॉलमध्ये टीव्ही चालू असतो ना? मालिकांची हीच वेळ आहे, म्हणून विचारते. असेल तर आधी एवढं ध्यानात घ्या की साठी उलटलेली बाई दिवसभर दोन वर्षांच्या पोरामागे पळते, दुपारनंतर शाळेतून आलेली नातही असते, आणि त्या मालिका हा तिचा स्वतःचा एकुलता एक वेळ आहे. तो काढून घ्यायचा नाही. सरकवायचा. बहुतेक मालिकांचे भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा लागतात, मोबाईलवर नंतर कधीही बघता येतात. तिला ते लावून द्यायला शिकवा, किंवा तिच्या खोलीत एक छोटा टीव्ही घेऊन द्या. तुमच्या पगारात बसेल. आणि हे बोलणं तुम्ही करायचं. सुनेनं सांगितलं की तो उपदेश होतो, मुलानं सांगितलं की विनंती होते. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण घराघरांत असंच आहे.

बोलताना त्यांचं ‘आमच्या वेळी टाइमटेबल नव्हतं’ हे वाक्य खोडून काढू नका. त्यांना एवढंच विचारा की कराडला तिन्हीसांजेला काय व्हायचं. हातपाय धुणं, देवापुढे दिवा, शुभंकरोती, मग पाढे-परवचा, मग पोरांची पंगत आधी. त्यानंतर अंगणात किंवा अंथरुणावर गोष्ट. वडील मुक्कामाला असले तरी जेवणं थांबत नव्हती. भिंतीवर तक्ता नव्हता, पण रोज तीच गोष्ट त्याच क्रमानं व्हायची, आणि लहान मुलाला घड्याळ कळत नसलं तरी क्रम कळतो. तुमच्या घरी हाच क्रम परत आणायची सूत्रं आईंच्या हातात द्या. साडेसहाला पोळ्यांच्या मावशी येत असतील तर सव्वासातला मुलांची ताटं वाढता येतात. वरण-भात, पोळीचे तुकडे, जे असेल ते. आई आणि नातवंडं एकत्र बसतील. त्यानंतर हॉलमधला मोठा दिवा बंद, कोपऱ्यातला पिवळा चालू. मोबाईल, टॅबही तेव्हापासून बंद. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसभरात एका तासापेक्षा जास्त स्क्रीन नको म्हणते, आणि तो तासही झोपेच्या आधीचा नको.

‘म्हणजे मी घरी येईन तेव्हा मुलं जेवून बसलेली असतील,’ असं तुमच्या मनात आलं असेल. हो. एकत्र जेवण शनिवार-रविवारी, आणि घरून काम असेल त्या दोन दिवशी. रात्री साडेनऊचं एकत्र जेवण तुम्ही दोघं जेवा. शेवटचं कधी जेवला होतात, निवांत?

साडेआठला आलात तर तुमच्याकडे अर्धा तास आहे, आणि तो चांगला अर्धा तास आहे. मुलं दारात धावत येणारच, त्यांना जवळ घ्या, उचला. पण उड्या नाहीत, घोडा नाही, गुदगुल्या नाहीत. तो सगळा दंगा सकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी. रात्री दात घासून देणं, कपडे बदलणं, लघवी, आणि मंद दिव्यात एक गोष्ट. चिऊ-काऊची चालेल, तुमच्या वडिलांच्या एसटीची तर फारच चालेल. कुठल्या घाटात गाडी बंद पडली, कोंबडी घेऊन कोण चढलं, सुट्ट्या पैशांवरून काय भांडण झालं. मुलांना रोज नवं लागत नाही, तीच गोष्ट त्याच शब्दांत लागते. एक शब्द बदललात तर मुलगी टोकेल.

बस नवले पुलाला अडकली तर आठला बसमधूनच व्हिडिओ कॉल करा, दोन मिनिटं, शुभरात्री म्हणायला. आणि नऊनंतर पोचलात तर बेल वाजवू नका. किल्लीनं दार उघडा. लिफ्टमधून बाहेर पडतानाचा फोनवरचा मोठा आवाजही आवरा. हे क्षुल्लक वाटेल, पण नुकत्याच डोळा लागलेल्या घरात बेल वाजली की पुढचा एक तास तुमच्या बायकोचा जातो.

‘पोरं बापाची वाट बघतात’ हे खरं आहे, पण थोडं आपणच शिकवलेलं आहे. दिवसभरात ‘थांब, बाबा आले की’ हे किती वेळा म्हटलं जातं ते एक दिवस कान देऊन ऐका. बाबा आले की खेळू, बाबा आले की जेवू, बाबा आले की सांगते त्यांना. मग मूल साडेआठपर्यंत स्वतःला ताणून धरतं. त्याऐवजी ‘बाबा सकाळी तुझी वेणी घालणार आहेत’ असं घरात बोललं गेलं, की तीच ओढ सकाळकडे वळेल. वेणी घालता येत नसेल तर शिका. पाच वर्षांच्या मुलीला वाकडी वेणी चालते. शाळेला चालत नसेल तर पोनी. डबा भरणं, बुटाचे बंद, व्हॅनपर्यंत हात धरून नेणं, हे सगळं तुमच्याकडे घ्या. ऑफिसच्या दिवशीही तुम्हाला साडेनऊची बस आहे, आठ दहानंतर मुलाबरोबरसुद्धा तास मिळतो. सकाळचे अडीच तास झाले की हे! रात्री तुम्हाला तेवढाच वेळ मिळत होता, पण तेव्हा तुम्ही दमलेले असायचात आणि मुलंही.

अर्थात, यासाठी तुम्हाला एकच्या आत झोपावं लागेल. उरलेलं काम रात्री का उरतं, यात मी पडत नाही. पण मुलं नऊला झोपली तर सव्वानऊ ते साडेदहा हा वेळ नव्यानं मिळतो. जे काम रात्री साडेअकरा ते एक करत होता, ते तेव्हा करता येईल का बघा; आठवड्यातून एक-दोन दिवस तरी ते न करता बायकोशी गप्पा मारा. आणि घरून काम असेल त्या दोन दिवशी झोपवण्याचा सगळा कारभार एकट्यानं करा. ‘मदत लागली तर हाक मार’ असं तिनं म्हणायचं, तुम्ही नाही. पोलीसगिरीची पाळी बदलल्याशिवाय तिचं म्हणणं तुम्हाला कळणार नाही.

रडणं होईल. पाणी हवं, शू आली, बाहेर आवाज आला, पाय दुखतोय, अजून एकच गोष्ट. मुलगी पाच वर्षांची आहे, वकिली करायच्या वयात आलेली आहे. पाणी आणि शू झोपायच्या आधीच आटपा, एक जास्तीची विनंती मान्य करा, दुसरीला त्याच शांत आवाजात तेच उत्तर द्या. आवाज चढवलात की झोप उडते, आणि नेमकं ज्या दिवशी तुम्ही कंटाळून ‘बरं चल, बाहेर ये’ म्हणाल, त्या दिवसानंतर ती रोज तेवढा वेळ लढेल. धाकटा रडला तर शेजारी बसा, पाठीवर हात ठेवा, पण हॉलमध्ये आणू नका. आईंना नातवाचं रडणं ऐकवत नाही, हे स्वाभाविक आहे. पहिल्या आठवड्यात त्या वेळी त्यांना खाली शतपावलीला जायला सांगा. त्यांच्या वयाच्या दोघी-तिघी कट्ट्यावर असतीलच.

जायफळ मात्र ताबडतोब बंद. आईंचा हेतू मायेचा आहे, आणि बाळगुटीत सहाणेवर दोन वेढे देण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. पण जायफळात मिरिस्टिसिन नावाचा घटक असतो, तो जास्त गेला तर मळमळ, छातीत धडधड, भ्रम होऊ शकतो, आणि दोन वर्षांच्या शरीराला ‘जास्त’ व्हायला फार लागत नाही. त्यानं येते ती गुंगी. श्रीखंडातलं चिमूटभर जायफळ वेगळं, झोपेसाठी रोज रात्री चाटवणं वेगळं. हेच खोकल्याच्या औषधाला लागू, आणि हल्ली ऑनलाइन मिळणाऱ्या मेलाटोनिनच्या गोळ्यांनाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय यातलं काही नाही. धाकटा अजून दुधाची बाटली तोंडात धरून झोपत असेल तर तीही सवय सोडवा, पुढच्या दातांची वाट लागते.

बालरोगतज्ज्ञांना कधी दाखवायचं तेही सांगते. मूल रोज घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, झोपेत श्वास मध्येच थांबून पुन्हा जोरात सुरू होत असेल तर लगेच. अ‍ॅडिनॉइड (नाकाच्या मागे असलेली गाठ) किंवा टॉन्सिल वाढलेले असू शकतात. अंथरुणावर पाय सतत झाडत असेल तर लोहाची तपासणी करून घ्या. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता, आणि त्यात खात्यापित्या घरांतली मुलंही असतात. आणि महिन्या-दीड महिन्यानं मुलीची झोप दहा तासांवर आली तरी ती दिवसा पेंगत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

केव्हा सुरू करायचं? गणपतीच्या तोंडावर नको. त्या दहा दिवसांत पुण्यात नऊला कुणाचं मूल झोपतं? ढोल, आरत्या, देखावे, पाहुणे. तेव्हा खुशाल जागू द्या, विसर्जनानंतर चार-पाच दिवसांत गाडी रुळावर येते. लग्न, कराडची फेरी, कुणाचं आजारपण, यांचंही तसंच. शाळेची परीक्षा नाही, घरात पाहुणे नाहीत, तुमच्या ऑफिसात डिलिव्हरीची घाई नाही, असे चार आठवडे बघा. असे चार आठवडे सापडत नसतील तर येत्या सोमवारी सुरू करा. आणि सुरू करायच्या आधी हे उत्तर बायकोला आणि आईंना दोघींना वाचून दाखवा, जायफळाचा भाग जरा हळू आवाजात.

सातचा गजर तुमच्या मोबाईलवर लावा, तिच्या नको. महिन्यानं लिहून कळवा. मला विशेष उत्सुकता आहे ती धाकट्याची दुपारची झोप किती वाजता आली याची. बाकीचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे.